अलीझा फळ्यावरचं उतरवून घेत नाही

दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत, दुसऱ्या वर्गात शिकणारी अलीझा नबी पिंजारी ही विद्यार्थिनी फळ्यावरचं उतरवून घेत नाही, ही बाब मुख्याध्यापक नत्थुजी गुरुजींच्या निदर्शनास आली तेव्हा जुलै महिना चालू होता आणि 'शंभर टक्के फळा-उतारा अभियाना'चा पहिला अहवाल पाठवायला चार दिवस उरले होते. शाळेत एकशे बारा मुलं. त्यातली एकशे अकरा उतरवून घेत होती. आपण काय उतरवलं हे त्यातल्या तीसेक जणांना वाचता येत नव्हतं. परंतु अभियान उताऱ्याचं होतं, वाचनाचं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. अलीझाचं नेमकं उलटं होतं. पंधरापर्यंत पाढे तोंडपाठ, कविता एकदा कानावर पडली की पक्की, आणि वही मात्र दुकानातून आणली तशीच कोरी.

गुरुजींनी तिच्या आईला बोलावून घेतलं. शाइस्ता गादीच्या खोळी शिवता शिवता उठून आली होती. दोन सुया अजून ओढणीला टोचलेल्या होत्या.

"तुमच्या मुलीले दिसते का नाही दिसत?" गुरुजींनी विचारलं.

"दिसते. पन सगळं नाई दिसत."

"म्हणजे चष्मा लागन."

"चष्म्यानं नाई होत, गुरुजी. एक वस्तू समोर ठेवली तं दिसते. दहा ठेवल्या तं एकबी नाई दिसत. हालली तं दिसते, थांबली का हरवते. सकाळी दिसते, थकली का नाई दिसत."

गुरुजींनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, पान उलटलं, परत पहिल्या पानावर आले. "बाई, इथं दोनच रकाने हायेत. दिसते आणि दिसत नाही. कधीमधी दिसते, असा रकाना शासनानं दिलेला नाही. तुमी एक काय ते ठरवून प्रमाणपत्र आना."

ठरवायचं कसं, हाच शाइस्ताचा सात वर्षांचा प्रश्न होता. अलीझा जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी तिला झटके आले होते. पुढं पोरगी बोलायला चुरचुरीत निघाली, पण बाजारात बाप दोन हातांवर उभा असला तरी तिला सापडायचा नाही. तो खाकरला की धावत जाऊन बिलगायची. तीच पोरगी ओट्यावरून चाललेली मुंगी बरोबर दाखवायची. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, हिला मुंगी दिसते अन् बाप दिसत नाही, नाटकं आहेत नुसती. शाइस्तानं दोन चापट्या मारूनही पाहिलं होतं. चापटीनं नाटक थांबतं. हे थांबलं नाही, म्हणून हे नाटक नाही, एवढा तिचा निष्कर्ष निघाला होता. पुढं ज्यांनी ज्यांनी अलीझाला तपासलं, त्यांच्यापैकी बहुतेकांची मजल इथपर्यंतही गेली नाही.

अकोला जवळ, म्हणून ती आधी काळीपिवळी जीपमध्ये बसून अकोल्याला एका नेत्रतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टर स्वभावानं चांगले होते. लहान मुलगी गोंधळू नये म्हणून त्यांनी तक्त्यावरची बाकीची अक्षरं तळहातानं झाकली आणि एकेक अक्षर विचारलं. अलीझानं तळाच्या ओळीपर्यंत सगळी सांगितली.

"डोळे एक नंबर," डॉक्टर म्हणाले. "पडदा उत्तम, नस उत्तम, भिंग उत्तम. असे डोळे माझे असते तर मी चष्मा लावला नसता."

"मंग तिले दिसत काहून नाई?"

"डोळ्यात काही नाही. काही असलंच तर डोळ्याच्या मागं असेल."

"मागं काय असते?"

"मागं मेंदू असतो. तो माझ्याकडे नाही." आणि कागदावर 'डोळे निर्दोष' असं लिहून त्यांनी आपुलकीनं सल्ला दिला, "शिवाय तुम्ही अमरावती जिल्ह्याच्या. प्रमाणपत्र तुम्हाला तिकडेच मिळणार."

अमरावतीत अपंगत्व तपासणारं मंडळ बुधवारी बसायचं. पहिल्या बुधवारी ते बसलं नाही, कारण दिल्लीहून एक समिती शेतकऱ्यांची मनःस्थिती पाहायला आली होती आणि तिला मनःस्थिती दाखवायला सगळे डॉक्टर गाड्यांत बसून गेले होते. दुसऱ्या बुधवारी मुंबईहून दुसरी समिती आली. ती पहिल्या समितीनं काय पाहिलं ते पाहायला आली होती. ती दोनतीन वर्षंच तशी होती. जिल्हा संकटात असल्याचं वरून जाहीर झालं होतं, आणि संकटाकडे सगळ्यांनी एवढ्या डोळ्यांत तेल घालून लक्ष दिलं होतं की माणसांकडे पाहायला कुणी मोकळं नव्हतं. तिसऱ्या बुधवारी मंडळ बसलं.

मेंदूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी अलीझाच्या डोक्याचा फोटो उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला आणि मग खुर्ची शाइस्ताजवळ ओढून बसले. या साऱ्या प्रवासात तिच्याशी बसून बोललेला हा पहिला माणूस.

"हे बघा, डोळे आपलं काम चोख करतात. समोरचं सगळं आत पाठवतात. पण आलेलं उलगडून लावून घेणारी जागा इथं, डोक्याच्या मागच्या भागात असते. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला, तेव्हा ती दुखावली. म्हणून गर्दीतलं तिला वेगळं काढता येत नाही. ती खोटं बोलत नाही. हट्टीही नाही."

शाइस्तानं अलीझाचा हात आपल्या हातात घेतला. मारलेल्या चापट्या तिला आठवत होत्या.

"बरं होईन का?"

"औषध नाही. पण शिकवणं आहे. एकावेळी एकच गोष्ट, साधी, ठळक, शांत जागी. वेळ द्यायचा. या वयात मेंदू नवे रस्ते काढतो. पुष्कळ सुधारेल." आणि त्यांनी दीड पान लिहून दिलं. त्या इमारतीत त्या दिवशी तेवढंच दीड पान कुणाच्या तरी उपयोगाचं लिहिलं गेलं.

ते दीड पान घेऊन ती मंडळाच्या टेबलाशी आली. टेबलावर अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांपुढं छापील नमुना होता.

"दृष्टिदोष," अध्यक्षांनी वाचलं. "नेत्र विभाग?"

"डोळे निर्दोष. टक्केवारी शून्य," नेत्र विभाग म्हणाला.

"मेंदू विभाग. हातपाय चालतात?"

"चालतात," तरुण डॉक्टर म्हणाले, "पण सर, प्रश्न हातापायांचा नाही. तिच्या मेंदूला पाहिलेलं समजत…"

"पाहणं नेत्र विभागाकडे आहे. हातपाय, शून्य. मतिमंदत्व?"

त्यासाठी अलीझाला शेजारच्या खोलीत नेलं. तिथल्या बाईंकडे वीस प्रश्न होते. तिनं अठरांची उत्तरं प्रश्न संपायच्या आत दिली. एकोणिसाव्याला बाईंनी भरगच्च बाजाराचं चित्र पुढं ठेवलं आणि म्हटलं, यातली बकरी दाखव. अलीझानं मान वाकडी करून थोडा वेळ कान दिला आणि विचारलं, "बकरी बोलून काहून नाई राहिली?" बाईंना हसू आवरेना. विसावा प्रश्न न विचारताच त्यांनी 'बुद्धी सरासरीपेक्षा जास्त' असं लिहून टाकलं.

अध्यक्षांनी तीन शून्यांची बेरीज केली. ती त्यांनी दोनदा करून पाहिली, कारण ते काटेकोर गृहस्थ होते. मग हसतमुखानं कागद पुढं केला. "अभिनंदन बाई. सदर बालिका कोणत्याही प्रकारे अपंग नाही."

हा कागद पाहून नत्थुजी गुरुजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी तो तीनदा वाचला, फाइलला लावला आणि अलीझाला पहिल्या बाकावर आणून बसवलं. तिथून नाही, तेव्हा फळ्यापाशी उभं केलं. तिथूनही नाही, तेव्हा नाक फळ्याला टेकेल इतकं जवळ. फळ्यावर सुविचार, तारीख, पटसंख्या, पोषण आहाराचा मेनू, तीन गणितं आणि एक कविता एवढं लिहिलेलं होतं.

"आता दिसते?"

"नाई, गुरुजी."

"शासनानं दिसते म्हणून लिहून देल्लं हाय. शासनाले दिसते आणि तुले दिसत नाही, म्हणजे काय?"

अलीझानं प्रामाणिकपणे विचार केला. "गुरुजी, तुमी हालत राहिले तं तुमी दिसता," ती म्हणाली. "फळा कुठं हालते?"

वर्ग हसला. मंडळाच्या कागदामुळं आता हा उद्धटपणा ठरत होता. तिला दुपारपर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागलं.

दामिनी शाळेत आली ती त्या दुपारी. ती फिरती विशेष शिक्षिका होती. चौदा शाळा, एक स्कूटी आणि अकरा महिन्यांचं कंत्राट. अलीझा तिच्या यादीत नव्हती, कारण यादी प्रमाणपत्रांवरून होत असे. पण दाराबाहेर उभी असलेली मुलगी डोळे दुसरीकडे वळवून हातानं भिंतीवरची चुन्याची रेघ चाचपत होती, ते पाहून ती थांबली. दामिनीला एकदा तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यात एक दुपार अशाच मुलांवर होती, आणि बाकीचे शिक्षक प्रवासाचे फॉर्म भरायला गेले असताना ती एकटी टिपणं घेत बसली होती. तिनं शाइस्ताकडं जाऊन ते दीड पान मागून घेतलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "भाभी, हे तर सगळं लिहिलं आहे यात. कुणी वाचलं नाही का?"

"नाई ना ताई. सगळ्यांनी फायलीले लावलं."

शिकवायला जागा मिळाली ती अलीझाच्या बापाच्या, नबीच्या दुकानात. नबी गाद्या भरायचा. दुकानाच्या मागच्या अंगाला पिंजलेल्या कापसाचा ढीग छतापर्यंत गेलेला असे. लग्नं लांबणीवर पडत होती, गाद्यांना गिऱ्हाईक कमी होतं, त्यामुळे त्या वर्षी ढीग उतरत नव्हता. दामिनीनं अलीझाला ढिगाकडं तोंड करून बसवलं. समोर नुसतं पांढरं. त्यावर तिनं लोकरीचा लाल गोळा धरला आणि हळूच हलवला.

अलीझाची नजर गोळ्यावर बसली. मग तिनं तोंड फिरवलं आणि फिरवलेल्या तोंडानंच हात पुढं करून गोळा बरोबर पकडला.

"पाह्यलं? अशी तोंड फिरोते," शाइस्ता म्हणाली. "म्हनून लोक म्हंतात का लक्ष नाई."

"लक्ष आहे. पाहणं आणि पकडणं ही तिला दोन वेगळी कामं आहेत. एकेक करते आहे बिचारी. आणि भाभी, ती पाहत असताना आपण बोलायचं नाही."

हे शाइस्ताला फार जड गेलं. ती सकाळी उठल्यापासून बोलणारी बाई. शिवताना बोलायची, रांधताना बोलायची, ऐकणारं कुणी नसलं तर मशीनशी बोलायची. पण ती ओढणीचं टोक दातांत धरून चूप बसायला शिकली. नबीनं पिंजणयंत्र रोज अर्धा तास बंद ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलंच तर तो ओठांवर बोट ठेवायचा, आणि आत कुणाचं तरी मयत झालं असावं असं समजून गिऱ्हाईकही टोपी काढून उभं राहायचं.

मग दामिनीनं काळ्या पुठ्ठ्याला एक फट पाडली. पुस्तकाच्या पानावर तो ठेवला की फटीतून एकच शब्द दिसायचा, बाकी सगळी गर्दी पुठ्ठ्याखाली. ऑक्टोबरच्या एका सकाळी अलीझानं त्या फटीतून 'कापूस' हा शब्द वाचला. इतका वेळ लावून वाचला की शाइस्ताच्या ओढणीचं टोक ओलं झालं. नंतर 'सकाळ', नंतर 'माझं घर'. जानेवारीत ती अख्खा परिच्छेद वाचू लागली, शब्दाला शब्द जोडत, सावकाश. चपलांना पिवळी पट्टी शिवून दिल्यावर शाळेच्या दाराशी पडलेल्या ढिगातून ती आपल्या चपला आपण काढू लागली. पहिल्या दिवशी त्या हातात धरून ती अनवाणीच घरी पळत आली. अम्मीला दाखवायच्या म्हणून घातल्याच नाहीत.

इथंच गोष्ट संपली असती तर ती कुणाला कळलीही नसती आणि अलीझाचं भलं झालं असतं. पण फेब्रुवारीत शाळेला भेट द्यायला विस्तार अधिकारी साहेब आले.

साहेबांनी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून, पुठ्ठ्याच्या फटीतून वाचणारी मुलगी पाहिली. "हा काय प्रकार आहे?"

त्या दिवशी फेरीवर आलेल्या दामिनीनं समजावून सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर अपार आनंद पसरला. जिल्हा संकटग्रस्त असल्यामुळं वरून विशेष निधी आलेला होता, तो एकतीस मार्चच्या आत संपवायचा होता, आणि कशावर संपवावा ते सुचत नसल्यामुळं साहेबांचा रक्तदाब वाढला होता. "नावीन्यपूर्ण उपक्रम!" ते म्हणाले. "मॅडम, एक पानाची टिप्पणी द्या. संध्याकाळपर्यंत."

दामिनीनं मनापासून एक पान लिहिलं. भिंती मोकळ्या असाव्यात. फळ्यावर एकावेळी एकच गोष्ट असावी. वर्गात शांतता असावी. मुलाला उत्तरासाठी वेळ द्यावा. हे पान सहा टेबलांवरून गेलं, आणि प्रत्येक टेबलानं आपण काम केल्याचं दिसावं म्हणून त्यात थोडी भर घातली. तीन आठवड्यांनी ते 'दृष्टीसुलभ शाळा योजना' या नावानं परत आलं, तेव्हा त्याची अकरा पानं झाली होती. चौथ्या पानावर म्हटलं होतं, 'उपरोक्त सूचना सर्वांच्या सतत नजरेसमोर राहाव्यात यास्तव त्या शाळेच्या सर्व भिंतींवर आकर्षक रंगांत रंगविण्यात याव्यात.'

रंगारी आले. आठ दिवसांत भिंतीचा वीतभर तुकडा मोकळा राहिला नाही. 'भिंती मोकळ्या ठेवा' हे वाक्य दर्शनी भिंतीवर सात रंगांत, भोवती पोपट, मोर, तिरंगे फुगे आणि साक्षरतेची मशाल. 'एकावेळी एकच गोष्ट दाखवा' याच्या आसपास जागा उरली म्हणून भारताचा नकाशा, मानवी पचनसंस्था, बाराखडी आणि मान्यवरांची नावं. पायऱ्यांवर पाढे. छतावर सूर्यमाला. 'शांतता राखा' हे दर तासाला लाउडस्पीकरवरून सांगायची व्यवस्था झाली. काळे पुठ्ठे एकशे बारा आले, आणि एकालाच सवलत नको म्हणून सगळ्याच मुलांनी फटीतून वाचावं असा आदेश निघाला. त्यामुळं जी मुलं सरळ वाचत होती तीही अडखळू लागली. अहवालात याची नोंद 'वाचनातील विषमता दूर झाली' अशी झाली.

आणि वर्गाच्या दाराशेजारी, साहेबांच्या खास आग्रहावरून, रंगाऱ्यानं भिंतीवर दुसरं दार काढलं. महिरपीसकट, उघडी झडप, आतून येणारे पिवळे किरण, वर अक्षरं 'ज्ञानाचे द्वार'. काम इतकं हुबेहूब उतरलं की स्वतः साहेब एकदा त्यात शिरता शिरता राहिले.

रंगकामाची आठ दिवसांची सुट्टी संपून सोमवारी अलीझा शाळेत आली. ओट्यावरच थांबली. सुट्टीआधी तिला या शाळेचा कोपरा न् कोपरा पाठ होता. पांढऱ्या भिंतीत एकच काळोखा चौकोन म्हणजे दार, हे तिनं स्वतः शोधून ठेवलं होतं. आता सगळीकडून काहीतरी अंगावर येत होतं. त्यातल्या त्यात पिवळं तिला ओळखीचं वाटलं. तिथं दार आहे असं समजून, मागून घंटा वाजल्यामुळं, ती धावत ज्ञानाच्या द्वारात शिरली.

कपाळाला चार टाके पडले.

शाइस्ता शिवण टाकून शाळेत धावत आली. गुरुजी खरोखर घाबरले होते; त्यांनीच अलीझाला उचलून दवाखान्यात नेलं होतं, त्यांच्या सदऱ्याला रक्त लागलेलं होतं. पण शाइस्ता समोर येताच त्यांच्यातला मुख्याध्यापक जागा झाला.

"बाई, ते द्वार प्रतीकात्मक हाय," ते म्हणाले.

"माह्या पोरीचं डोस्कं प्रतीकात्मक नाई, गुरुजी. पुसा ते."

"पुसता येत नाही. ते योजनेत हाय. आता ते खराब केलं तर शासकीय मालमत्तेचं नुकसान होते." थोडं थांबून, आवाज खाली आणून त्यांनी म्हटलं, "मले समजते, बाई. पन माही दोन वर्षं उरली पेन्शनीले."

शाइस्ता उठली. दोन वर्षांनी अलीझा दहाची झाली असती. तो हिशेब गुरुजींच्या रजिस्टरात नव्हता.

मार्चअखेर योजना 'शंभर टक्के यशस्वी' झाली आणि अमरावतीच्या एका सभागृहात तिचा गौरव सोहळा ठरला. अलीझानं व्यासपीठावर वाचून दाखवायचं होतं. दामिनीला निमंत्रण नव्हतं, कंत्राटी कर्मचारी प्रोटोकॉलमध्ये बसत नाहीत. ती सुट्टी टाकून आली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं साहेबांना दोनदा गाठून सांगितलं होतं, सर, ती इथं वाचू शकणार नाही, एवढा उजेड, एवढी गर्दी, एवढा आवाज. साहेब म्हणाले होते, "मॅडम, योजना यशस्वी झाली आहे. आता तिला न वाचून कसं चालेल?"

व्यासपीठावर पंचवीस मान्यवर, चाळीस पुष्पगुच्छ, तीन समया, मागं झगमगता फलक आणि बाजूला लेझीम पथक. दिवे असे की मान्यवरांनाही एकमेकांना ओळखता येत नव्हतं. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक उघडून अलीझापुढं धरलं. "वाच बेटा. भिऊ नको."

अलीझानं पुस्तकाकडं पाहिलं. मग पुस्तकाच्या बाजूला पाहिलं. मग ती कुठंच पाहीनाशी झाली. माइक तिच्या तोंडाशी होता, त्यामुळं ती जे पुटपुटली ते सभागृहभर ऐकू गेलं. "अम्मी कुठं हाय?"

"मी इथं हाय, बेटा!" शाइस्ता ओरडली, पण लेझीम चालू होतं. पोरगी व्यासपीठाच्या कडेकडं सरकू लागली; पुढचं पाऊल खाली पडणार, हे शाइस्ताला दिसलं. तिनं डोक्यावरची ओढणी ओढून काढली आणि आजवर परक्या माणसांत डोकं उघडं न पडू देणारी ती बाई भर सभागृहात खुर्चीवर चढून दोन्ही हातांनी ती हलवू लागली.

अलीझा थांबली. तिची नजर हलणाऱ्या कापडावर आली आणि तिथं बसली. चेहरा उजळला.

नेमकं हेच प्रमुख पाहुण्यांना दिसलं. त्यांना वाटलं, ग्रामीण माता योजनेला अभिवादन करते आहे. त्यांनी गहिवरून आपला रुमाल काढला आणि हलवला. ते पाहून मान्यवरांनी रुमाल काढले. ते पाहून पुढच्या रांगेनं, मग मागच्या. निमिषभरात सभागृहातले सातशे रुमाल, टोप्या, पदर आणि कार्यक्रमपत्रिका हलू लागल्या, आणि त्या हलत्या समुद्रात अलीझाची आई तिच्यासाठी नाहीशी झाली.

ती पडली नाही. दामिनीनं मधल्या वाटेनं धावत येऊन तिला व्यासपीठाच्या काठावरच धरलं. पाठोपाठ शाइस्ता पोचली, पोरीला छातीशी घेतलं आणि समोरचा माइक हातात आला म्हणून त्यात म्हणाली, "हालवनं बंद करा! एक मिनिट चूप बसा न् बाप्पा! तुमाले काईच दिसत नाई का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदकानं सांगितलं की आईच्या भावना अनावर झाल्या आहेत. मग तिच्या हातात 'आदर्श माता' असं लिहिलेली ट्रॉफी दिली, दोघींना मान्यवरांच्या मधे उभं केलं आणि फोटो काढला.

पुढं जे झालं ते नियमानुसारच झालं. दामिनीचं कंत्राट वाढवलं नाही. एकमेव लाभार्थी कोणत्याही प्रकारे अपंग नसल्याचं प्रमाणपत्र फायलीत होतं, शिवाय योजना शंभर टक्के यशस्वी झाल्यामुळं करायचं काही उरलं नव्हतं. तिला नांदगाव खंडेश्वरला एका खाजगी शाळेत नोकरी मिळाली. वार्षिक परीक्षेत अलीझा बहात्तर टक्क्यांनी पास झाली. उत्तरपत्रिका पाहून शाइस्ता गुरुजींकडं गेली.

"हे अक्षर माह्या पोरीचं नाई."

"शाळेचा निकाल शंभर टक्के लागाले पायजे, बाई," गुरुजी दुसरीकडं पाहत म्हणाले. "अन् मी तिले चांगलेच मार्क देल्ले."

अलीझा आता तिसरीत आहे. हजेरीपुरती शाळेत जाते. सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी शाइस्ता तिला कापसासमोर बसवते. चौथीपर्यंत शिकलेली ती बाई पोरीच्या पुढं राहायचं म्हणून आधी स्वतः तिसरीचं पुस्तक फटीतून वाचून काढते. दर महिन्याला नांदगावहून काळीपिवळीच्या ड्रायव्हरच्या हाती दामिनीनं कापलेले पुठ्ठे येतात. गेल्या आठवड्यात अलीझानं अख्खा धडा वाचला आणि धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरंही दिली. याची नोंद कुठंही नाही.

सोहळ्याचा फोटो मात्र पेपरात पहिल्या पानावर रंगीत आला होता. तुम्ही तो पाहिला असणार. त्या दिवशी तो सगळीकडं होता. खाली डावीकडून उजवीकडं पंचवीस नावं होती. तुम्ही ती वाचलीत, त्यात एक साहेब तुमच्या ओळखीचे निघाले, ते तुम्ही घरात सगळ्यांना बोट ठेवून दाखवलंतही. त्यांच्या कोपराखाली, दोन गुच्छांच्या मधे, आईच्या खांद्यात तोंड लपवलेली एक मुलगी होती. साहेबांना दाखवणारं तुमचं बोट नेमकं तिच्यावरच होतं.